अर्धी दाढी

मिरजेत, स्टेशनच्या मागल्या बोळात माझं दुकान.
दोन खुर्च्या, तडकलेला आरसा, भिंतीवर टीव्ही.
सेमीफायनल. पहिल्या लेगला एक-एक.
गोवा की कोचीन, या वादात
सोमवारपासून एकही डोकं
गप्प बसून कापून घेतलेलं नाही.

आदगोंडा म्हणतो, कोचीन.
हळदीच्या पेठेत तीस वर्षं काढलेला माणूस.
बाजार जिकडं पळतो त्याच्या उलट लावायचं,
एवढंच त्याचं शास्त्र.
गेल्या साली चारही डाव अंगावर आले.
"भाव कधी ना कधी फिरतोच की," म्हणाला.

नदाफ मास्तर काउंटरवर पावडर सांडतात,
बोटानं तिच्यात अकरा ठिपके काढतात.
"ह्यांचा डावा बॅक वर गेला, की मागं बघा,
हे एवढं रान मोकळं."
माझा निम्मा डबा
कोचीनच्या बचावात संपला.

इम्मानुएल मिशन हॉस्पिटलच्या लॅबमधला.
नमुना बघितल्याशिवाय रिपोर्ट देत नाही.
मॅच संपली की सांगतो, मला माहीत होतं.

माझं मत मात्र सगळ्यांना पटतं.
वस्तरा गळ्याशी असताना
कोण कशाला मान हलवील?
खुर्चीतनं उतरला
की गडी परत कोचीनचा.

दुसऱ्या लेगलाही एक-एक.
जादा वेळ. एकशे अठरावं मिनिट.
शिट्टी.
"हाताला लागला!" मास्तर उठले.
"छातीला! आंधळा हाय काय रेफरी?"
आदगोंडा खुर्चीतनं उडाला,
एक गाल गुळगुळीत, एक फेसाचा.
चेंडू ठिपक्यावर.
गोव्याचा दहा नंबर चार पावलं मागं सरला,

आणि लाईट गेली.

बोळातली सगळी घरं एकदम ओरडली, मग गप्प.
इम्मानुएलच्या खिशात फोन पेटला,
शर्टाचं कापड आतनं निळं झालं.
"बघू?"
"थांब," आदगोंडा म्हणाला.
"आता सांगा. कुठं मारणार?"

मास्तर म्हणाले, उजवीकडं, खाली.
इम्मानुएल पहिल्यांदाच नमुन्याआधी बोलला: सरळ मधी.
आदगोंडा म्हणाला, बाहेर.
बाकावरनं मास्तरांचा नातू तौहीद,
केस कापायला आलेला, नऊ वर्षांचा,
म्हणाला, "त्याच्या बुटाची लेस सुटली होती."

आमच्यातल्या कुणीच ती बघितली नव्हती.

बराच वेळ डासांचा आवाज.
मग मास्तर, हळूच, माझ्या दिशेनं:
"तुझी सुटली होती का रे, त्या दिवशी?"

अठ्ठ्याऐंशी साल. गावचीच ट्रॉफी. शेवटची किक माझी.
चेंडू आडव्या दांडीवरनं चिंचेत गेला.
तेव्हापासनं ह्या दुकानात
जगातल्या सगळ्या पेनल्ट्या निघाल्या,
ती एक सोडून.

"न्हाई," मी म्हणालो.
"उजवीकडं ठरवलं होतं.
पळता पळता गर्दीतनं कुणीतरी म्हणालं,
हा उजवीकडं मारणार.
म्हणून बदललं."

खुर्ची कुरकुरली.
कुणी घसा खाकरला, कुणाचा ते कळलं नाही.
हातात वस्तरा होता, तो मी मिटला.
खिशातला फोन परत पेटला, विझला.
त्यात निकाल होता. कुणी मागितला नाही.

लाईट आली.
पंखा आधी, मग ट्यूब, दोनदा चाचपडून.
टीव्हीवरचं पांढरं चक्र फिरत राहिलं.
सगळे तिकडं.
आदगोंडाच आरशात बघत होता,
तडा गेलाय तिथं, जिथं त्याचा चेहरा दोन होतो.
"आधी हा गाल संपव," म्हणाला.

फेस पार वाळला होता.
मी ब्रश परत भिजवला.