बावीस डिसेंबर, खाणीपाशी

वेधशाळेत एकतीस वर्षं
पर्जन्यमापकातलं पाणी मोजलं मी.
त्यामुळे सवय अशी, की आधी मोजायचं,
मग जे वाटायचं ते वाटू द्यायचं.

आज सूर्योदय सात वाजून दोन मिनिटांनी.
वर्षातला सगळ्यात छोटा दिवस.
वेताळ टेकडीवर, जुन्या खाणीच्या काठाला
चपला काढते.
मान म्हणून नाही,
कातळ किती गार आहे ते तळव्यांना कळावं म्हणून.

मग नावं घेते, पुटपुटत:
सालई, मोई, गणेर, धावडा.
ग्लिरिसिडियाही.
परका, कुणीतरी आणून लावलेला, आता कुणालाच नको असलेला,
पण उभा तर इथेच आहे. त्याला कसं गाळू?

तांब्यातलं पाणी गणेराच्या बुंध्याशी.
या दिवसांत तो निष्पर्ण,
कुणी मोळी उलटी रोवून विसरून गेल्यासारखा.
एवढ्याशा पाण्यानं त्याचं काही होत नाही.
दोन मिलिमीटरही भरणार नाही ते.

कानटोपीतले देवस्थळी दर वर्षी थांबतात:
"कोणाचं करता हो हे?"
"कोणाचंच नाही. नुसतं करते."
ते वाक्य त्यांना अर्धवट वाटतं,
षष्ठी रिकामी ठेवलेलं.
मान हलवून उतरायला लागतात.

हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत होता.
त्याला ऐकू येत नाही.
यात मोठी सोय आहे:
जो ऐकत नाही त्याच्यापुढे
चांगलं दिसावं लागत नाही.

एकदा मात्र मागितलं.
सहा वर्षं झाली. श्रीपाद व्हेंटिलेटरवर,
आणि मी इथे उकिडवी बसून
एकतीस वर्षांची सगळी मोजमापं सोडून
ओरडले: त्याला राहू दे!

खाणीच्या पलीकडच्या भिंतीनं
शेवटचे दोनच शब्द परत केले.
राहू दे.

ते उत्तर नव्हतं.
आवाज दगडावर आपटला की एवढंच होतं,
शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.
तरी तेव्हापासून
ते दोन शब्द मी जवळ बाळगते,
माझेच, पण तिकडून जाऊन आलेले.

आजपासून दिवस मोठा होत जाणार, म्हणतात.
खरंय. पण संध्याकाळच्या टोकाला.
सकाळ अजून तीन-चार आठवडे
रोज थोडी उशिराच होत जाते.
तक्ते मीच तर लावायचे भिंतीवर,
दर वर्षी, न बघता.
त्या जानेवारीत कळलं:
उजेड वाढत होता,
आणि उजाडत मात्र नव्हतं लवकर.

तांब्या उपडा करून झटकते.
एक थेंब पायाच्या अंगठ्यावर.
वहीत अशा पावसाला आम्ही लिहायचो:
नाममात्र.