बाजू

दोहा, मुशैरिब, अकरावा मजला.
बाहेर धूळ. समोरचा टॉवर
पेन्सिलीनं काढून अर्धवट खोडलेला.

मी आलेख काढते. पोटापाण्याचं काम.
मधे उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका,
खालून वर वय. शून्य ते चार, पाच ते नऊ,
पट्टीवर पट्टी, विटा रचाव्या तशा.
बहुतेक देश असे रचले की गवताची गंज उभी राहते,
किंवा घंटा, किंवा हल्ली हल्ली
बुडाशी निमुळती झालेली घागर.

हा देश रचला आणि डावीकडे पोट सुटलं.
पंचवीस ते चव्वेचाळीस, नुसते पुरुष.
पट्टी चौकटीबाहेर गेली, अक्ष वाढवावा लागला.
उजवीकडे त्याच वयाच्या बायका
परक्याच्या बैठकीत बसल्यासारख्या, आखडून.

बुथैना मॅडम मागे उभ्या राहिल्या.
किती तरुण देश, म्हणाल्या.
फक्त डावीकडचा रंग डोळ्यांत येतो, जरा सौम्य कर.
मी वाळूचा रंग दिला.
आता तो दिसतो, पण शोधावा लागतो.

मग वर्षं मागे नेली, शहाऐंशीवर थांबले.
तीस ते चौतीस. या पट्टीत बावा आहे,
उम्म सईदच्या बंदरात रिगर, वय तेहेतीस.
पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे चारशे माणसं,
म्हणजे बावा ठिपक्याचा चारशेवा भाग.
तरी मी झूम केलं.
झूम केल्यावर ठिपका मोठा होतो. बाकी काही नाही.

जेवणानंतर, कुणी सांगितलं नसताना,
रत्नागिरी जिल्हा उघडला.
तिथे डावीकडे खाच,
तव्यावरच्या घावनाचा कुणी घास तोडावा तशी.
आणि उजवीकडे, पंचवीस ते एकोणतीसमध्ये, आई,
मांडीवर टेपरेकॉर्डर. सर्व खुशाल, असं दोनदा म्हणणार,
मग कॅसेटची बाजू संपेपर्यंत
कोंबडा, रहाटाची करकर, आणि मी, रडणारी.

दोन्ही आलेख सरकवून जवळ आणले.
हे पोट त्या खाचेत बसेल असं वाटलं.
बसलं नाही. मोजपट्ट्या वेगळ्या.
शिवाय त्या खाचेत मुंबई आहे, कुवेत आहे, बोटीवरचे आहेत,
आणि या पोटात केरळ, सिल्हेट, पेशावर.
जुळतंय असं वाटणं,
आमच्या धंद्यात हेच सांभाळायचं असतं.

वर, पासष्टच्या पुढे, पट्टी नाही, दोरा आहे.
इथे कुणी म्हातारं होत नाही.
म्हणजे होतात, पण दुसऱ्या देशाच्या आलेखात.
बावा अकरा साली गेला, एक गुडघा आणि दोन ब्लँकेटं घेऊन.
आता तो दाभोळच्या पट्टीत आहे,
तिथलं सरासरी आयुर्मान
त्याच्यामुळे हललेलं नाही.

संध्याकाळी फोन केला.
बावा, शहाऐंशीत तुला मोजलं होतं का रे?
बराच वेळ विचार. मग,
आला होता एक सुदानी, कागद घेऊन.
खोलीत खाटा चौदा. रात्रपाळीवाले झोपलेले,
त्यांना कशाला उठवायचं?
शिवाय कंपनीच्या कागदावर खाटा नऊच.
मी सांगितलं, नऊ.

पाच माणसं.
ठिपक्याचा ऐंशीवा भाग.
दुरुस्त करावी एवढी चूक नाही ही,
कुठलाही गोलाकार आकडा याहून जास्त गिळतो.

कोण होते ते, मी विचारलं.

एक मलबारी, कुन्हाली, भात मऊ करायचा.
एक बलुची, नुसता हसायचा.
आपल्या वेळासचा दाऊद, तुझा फ्रॉक त्यानेच आणलेला, हिरवा.
चौथा मिसरी, त्याला सगळे मास्तर म्हणायचे,
खरं नाव कधी कुणी विचारलं नाही.
पाचवा...
थांब, आठवतंय, म्हणाला,

आणि फोन तसाच धरून राहिला.
मागे कुठेतरी कोंबडा, अवेळी.
मीही ठेवला नाही.