नऊ टक्के

पहाटे तीनला कंटेनरचं सील तोडतो
तेव्हा आधी बाहेर पडते हवा,
न्हावाशेव्यापासून मनामापर्यंत अकरा दिवस कोंडलेली.
निम्मं तिच्यातच कळतं.
थर्मामीटर आपला फॉर्मपुरता.

ऑगस्ट. या वेळेलाही बाहेर छत्तीस.
समुद्र दिसत नाही, पण अंगाला चिकटतो.
रफीकुल हातगाडीवर उताणा.
सौदीच्या पुलावरून आलेल्या ट्रकांची रांग घुरघुरतेय,
जॉर्डनचे टोमॅटो, बर्फाखाली कोथिंबीर,
आणि मेथी,
जिचा भाव तासातासाला म्हातारा होतो.

माझा माल कांदा.
दर विसावी गोणी ताडपत्रीवर ओततो.
फॉर्मवर रकाने चार : मोड, सड, जोड, लहान.
माझ्या तोंडात मात्र गोल्टी येते, चिंगळी येते,
डेंगळा, खाद, पत्ती सुटलेला,
आणि तो, जो चाळीत चार महिने निजला
नि आता मानेतून जागा होतोय.
एवढ्यांना चार रकान्यांत बसवायचं
म्हणजे सगळं वऱ्हाड एका जीपमध्ये.

मान दाबतो अंगठ्यानं.
टणक. टणक. टणक. जरा खचला.
अंगठा थांबतो तिथं पैसे थांबतात.

निवृत्ती गांगुर्डेचा फोन, पिंपळगावहून.
तिकडे साडेपाच, अजून झुंजूमुंजूही नाही.
“आठ टक्क्यांपर्यंत ठरलंय भाऊ,
नवव्याला गोणीमागं दीडशे फिल्स तुटतात.
तुम्ही आपल्याकडचे.”
मोजतोय, म्हणतो मी.
“मोजा की. पण आपलेपणानं मोजा.”

मग हाजी जासिम, इस्त्रीच्या घडीसकट.
सडक्याला बोट न लावता
नेमका सडकाच दाखवतो.
माझ्या पेनाकडे बघत म्हणतो, “दहा.
दहा चांगला आकडा आहे. गोल आहे.”

गावच्या बाजारात बैलाचा सौदा
रुमालाखाली बोटं धरून व्हायचा.
इथं रुमाल नाही.
मधे मीच पसरलेला,
एका बाजूनं आठ बोटं, दुसऱ्या बाजूनं दहा.

गुडघे टेकून पुन्हा मोजले.
शेवटी एकच उरला,
ना धड खाद, ना धड चांगला.
दोनदा या ढिगात टाकला, दोनदा त्या ढिगात.
सोलला.
वरून पांढरा, कोरडा,
मधल्या पाकळीला फक्त
चहाच्या थेंबाएवढी सुरुवात.
नऊ.

सही केली. पट्टी ठेवून फोटो काढले,
दोघांना पाठवले.
निवृत्तीच्या दोन खुणा निळ्या झाल्या,
पुढं काही आलं नाही.
हाजीनं नुसतं ‘च्च’ केलं.

सहाला फळ्यावर भाव : एक दिनार सहाशे.
सव्वासातला बातमी,
इजिप्तचे तीन कंटेनर बंदरात अडकले, कागद अपुरे.
पुसलं. एक नऊशे.
पुसलं. दोन दोनशे.
मग कोण विचारतो मोड का सड,
हॉटेलवाले, कॅन्टीनवाले, बकालेवाले
गोणीचे कान धरून उभे.
मी बाजूला काढलेला ढीगही गेला,
निम्म्या भावानं, पण गेला.
रफीकुल गाडी ढकलत हसला,
“भाई, तुम्हारा खराबवाला भी बिक गया.”

फॉर्म फायलीला लागला.
फळ्यावरचा भाव फळ्यावर,
पिंपळगावचे दीडशे फिल्स मात्र
तुटायचे ते तुटणारच.

सोललेला कांदा खिशात राहिला होता.
दुपारी खोलीवर ती पाकळी काढून टाकली
आणि उरलेला मीठ लावून खाल्ला.
नाकातून पाणी आलं. अस्सल माल.

निवृत्तीला कळवावंसं वाटलं.
फोन हातात घेतला,
तिकडं तेव्हा लिलावाची वेळ असेल म्हणून
ठेवून दिला.