मठारकाम

डेक्कनमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
पलंगावर आडवे आहेत पिंपळेकाका.
वय छप्पन्न. फॉर्मवर ‘निरोगी’पुढे बरोबरची खूण.
हातातलं कडं काढायला साबण लागला.
“तांबं ठेवलं असतं तर वीज बावचळली असती, नाही?”
मी हसते. मनगटाला दोन पट्ट्या, घोट्याला दोन.
हात अंगापासून जरा लांब.

“सुरू करताना सांगा हं.”
काका, झालंसुद्धा.

पाण्यातून ती पळते, चरबीशी अडखळते,
आणि पेशीच्या पातळ भिंतीपाशी
निमिषभर थबकते.
त्या थबकण्याचा आम्ही कोन मोजतो:
सहा पूर्णांक नऊ.
जितकी भिंत धड, तितका उशीर,
जितका उशीर, तितकी ताकद,
असा आपला अंदाज. अजून सिद्ध व्हायचाय.

मग मूठ आवळायचं यंत्र. उजवी बावन्न किलो,
डावी चव्वेचाळीस. मी उजवी लिहिते,
तक्त्यात एकाच हाताला जागा.

“डावा लिहा की,” ते म्हणतात,
“उजवा नुसता ठोकतो.
हंडा फिरवतो डावा, ठोक्याठोक्याला गव्हाएवढा.
तो चुकला की मठारकाम बिघडलं,
मग तांबट आळीत तोंड दाखवायची सोय नाही.”

संध्याकाळी खोली रिकामी झाल्यावर
मी स्वतःलाच पट्ट्या लावते.
पाच पूर्णांक एक.
काकांच्या तक्त्यात, समासात, पेन्सिलीने:
डावा, चव्वेचाळीस.

कडं टेबलावरच राहिलंय.
घालून पाहिलं,
तर थेट कोपरापर्यंत गेलं.