नमुना क्रमांक एकोणचाळीस

डिचोलीजवळच्या अंगणवाडीत आम्ही दोन कॅमेरे लावले,
एक आईच्या तोंडावर, एक बाळाच्या.
नियम चार ओळींचे: दोन मिनिटं बाळाला खेळवायचं,
मग दोन मिनिटं चेहरा कोरा ठेवायचा,
पुसलेल्या पाटीसारखा.
भुवईसुद्धा हलवायची नाही, त्याने काहीही केलं तरी.
मग घंटी वाजली की
पुन्हा आई.

बहुतेक जणी विसाव्या सेकंदाला फुटतात.
कुणी हसते, कुणी ओढणी लावते डोळ्यांना,
पर्येची एक तर मला शिव्या घालून गेली.
तेही मी तक्त्यात लिहिते, सेकंदासकट.

दीक्षिता गावस म्हणाली, "इतलेंच? हें म्हाका येता."
आणि खरंच आलं.
खाण बंद पडल्यापासून दारात उभा ट्रक,
त्याच्या बॉनेटवर वाळत घातलेली भिरंडाची सोलं,
आणि घरात त्या ट्रकसारखाच थांबलेला नवरा;
हे तिने नंतर सांगितलं, मी विचारलं नसताना.
तेव्हा मी फक्त बघत होते एक चेहरा
या कामाला सरावलेला.

त्रिवेश, सात महिने, रडला नाही.
त्याने आधी एक हात वर केला, मग दोन्ही,
मग खालचा एकुलता दात दाखवला,
त्याची सगळी पुंजी.
मग हळूच मान वळवली
आणि मला धरलं.
निरीक्षकाने नजर द्यायची नसते. हे मीच लिहिलंय,
पान सहा, खाली माझी सही.
माझी जीभ टाळ्याला लागून टक् वाजली.
तो हसला. मीही.

लाल पेन. नमुना बाद.

घंटी वाजल्यावर दीक्षिताचा चेहरा परत यायला
नऊ सेकंद लागले. चित्रफितीत मी ते तीनदा मोजले.
आधी डोळे आले, मग गाल, ओठ सगळ्यांत उशिरा,
फेरीबोटीतून एकेक माणूस उतरावा तसे.
आणि नऊही सेकंद तो हात वर धरून होता,
धक्क्यावर कुणाला घ्यायला आल्यासारखा.
याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.

चपला घालताना तिने विचारलं,
"पास जालीं मगो आमी?"
मी वही छातीशी धरली, लाल बाजू आत,
आणि म्हटलं, हय.