एक नंबर लहान

माप संध्याकाळी घ्यायचं, जेसिका डाबरेनं बजावलंय,
दिवसभरात पाय पसरतो म्हणून.
तुर्भ्याच्या मसाला मार्केटात, वजनकाट्यापाशी
नऊ तास उभी होते.
पसरला असेल.

झेरॉक्सचा कागद फरशीवर, टाच भिंतीला.
पेन्सिल सरळ धरायची,
तिरकी झाली की पाय खोटं बोलतो.
पट्टी मुलाच्या कंपासपेटीतली,
दहावीनंतर ती पेटी कुणी उघडलीच नव्हती.

डावा, तेवीस सेंटिमीटर चार मिलिमीटर.
उजवा, तेवीस आठ.
चव्वेचाळीस वर्षं दोघांना एकाच मापात कोंबलं,
एकानंही तक्रार केली नाही,
निदान माझ्या कानावर आली नाही.

अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब.
अशी बाई नवऱ्यावर राज्य करते, असं आत्या म्हणायची.
बघायला आले तेव्हा तिनंच सांगितलं,
पाय साडीत ओढून बस.
राज्य वगैरे काही झालं नाही.
अकरा-अकरा महिन्यांचे करार झाले,
दर वेळी मीच सही केली.
त्या बोटाला आता जोडव्याची खाच आहे.
जोडवं धरून मोजायचं की सोडून,
कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नाही.

तक्ते तरी किती!
इटलीवाल्यांचा अडतीस तो स्पेनवाल्यांचा सदतीस,
कोरियावाले थेट मिलिमीटरमध्ये बोलतात,
ते मला बरे वाटले.
लवंगेचं पोतं कुठल्याही देशाचं असो,
काट्यावर चढलं की किलोच.

घालून बघायचे तर कुठे?
वाशीच्या मॉलमध्ये धावायचे बूट आहेत, लग्नातले आहेत.
पोरगा म्हणाला, क्लाइंबिंग म्हणजे ट्रेकिंगच ना, काकी?

आजवर जेसिकाचे जुने घालून चढले,
बेलापूरच्या डोंगरामागे, रविवारी, ऊन यायच्या आत.
दोन-दोन मोजे, तरी पाय आत फिरायचा.
कातळाची बोटभर कड
बुटाला कळायची, मला नाही.

शाळेचे बूट घेताना
आप्पा टाचेमागं दोन बोटं घालून बघायचे.
दोन बोटं जागा हवीच, ती पुढच्या वर्षाची.
तोवर पुढं कापूस.
कापूस काढायची वेळ यायची
तेव्हा तळ फाटलेला असायचा.
फ्रॉक वाढत्या अंगाचे.
लग्नातलं ब्लाउजसुद्धा आत माया ठेवून शिवलेलं,
ती उसवायची राहूनच गेली.

या बुटात माया नको, जेसिका म्हणते. अजिबात नको.
रोजच्यापेक्षा एक नंबर लहान.
मोठ्या पायाचं ऐकायचं.
बोटं वाकली पाहिजेत, पण दुखता कामा नयेत.
घट्ट कुठं संपतं आणि दुखणं कुठं सुरू होतं
ते कळेल तुला.

पंचवीस वर्षांची पोर.
मी नुसतं हं म्हटलं.

साबणाच्या पाण्यानं जोडवी निघाली,
डावं सहज, उजवं रडत.
ठेवली कंपासपेटीत, कर्कटकाच्या शेजारी.
पुन्हा मोजलं.
लांबी तीच. रुंदी दोन मिलिमीटर कमी.

सदतीस. दाबलं.

सात दिवसांत परत करता येतात,
तळ घासलेला नसला तर.
म्हणजे आधी पलंगावरच उभं राहून बघावं लागणार.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
मी अंथरुणावर
पाय आखडून उभी राहणार,
जुईनगरच्या दुसऱ्या मजल्यावर, पंख्याला डोकं सांभाळत.

झोपताना दिसलं, कागद तसाच पडलाय.
रेघेची दोन पावलं
भिंतीला टाच लावून,
वर्गात उभ्या केलेल्या मुलीसारखी.

उठून कागद फिरवला.
बोटं भिंतीकडे.