वरची पावलं

घर तीन मजल्यांचं, लाकडी. पुढे तीन गॅलऱ्या
एकावर एक, ड्रॉवरसारख्या,
सगळ्यांत वरचा नीट न बसलेला.
न्यू बेडफर्डचं दक्षिण टोक; वारा फिरला की
बंदरातल्या शिंपल्यांचा वास थेट उशीपर्यंत येतो.
साडेतीन टक्के मी भरले.
उरलेले साडेशहाण्णव तीस वर्षं
माझ्याच नावाने श्वास घेणार आहेत.

बँकेची अट एकच: निदान वर्षभर इथेच राहायचं.
मला हसू आलं. जायला दुसरं होतं कुठे?

तळमजला घेतला, कारण भाडं त्याचंच सगळ्यांत कमी आलं असतं.
स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लागतो,
न्हाणीघराचं दार अंग चोरून उघडतं.
इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालता घालता
रोझाल्बाने शिकवलं होतं हे गणित:
"मालकीण व्हायचंय ना, इल्दा? मग वाईटातला मजला तुझा."

दुसऱ्या मजल्यावर अन्सेल्मो फुर्तादो, सव्वीस वर्षं.
जन्म बोटीवर गेला,
एक बोट तिथेच ठेवून आला.
तिसऱ्यावर तोमासा, तिची दोन मुलं,
आणि धाकटा भाऊ, मासळीच्या कारखान्यातून पहाटे येणारा,
बूट हातात घेऊन जिना चढणारा.
तरीही चौथी पायरी चुगली करतेच.

पूर्वी वरची पावलं म्हणजे झोपमोड.
आता अंथरुणात पडून मोजते:
हे पाणीबिल, ही घरपट्टी, हा विमा,
मुलं धावली की
थोडं मुद्दल.

जानेवारीत, रात्री दीडला, बॉयलर बंद पडला.
अंधारात चाचपडत फोन घेतला, नंबर शोधू लागले
घरमालकाचा.
जुनी सवय. तो क्विर्क, कधीच फोन न उचलणारा,
सात वर्षं ज्याला मी शिव्या घातल्या.
अंगठा तिथेच थांबला.
तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली,
मग माझ्या दारावर टकटक.
सगळेच घरमालकाला शोधत आले होते.

अन्सेल्मो पायजम्यावर कोट चढवून, हातात विजेरी.
एक शब्द न बोलता तळघरात उतरला,
लाल चाकाला थोपटलं, म्हाताऱ्या बैलाला थोपटावं तसं.
"दोन पूर्ण फिरक्या, तिसरी अर्धी. मग थांबायचं.
आधीच्या मालकालाही हे ठाऊक नव्हतं."
पाइप आधी खोकले.
मग हळूहळू ऊब.

माझ्या कोटाच्या खिशात तेव्हा
त्याच्याच नावाचं पाकीट होतं,
तीन दिवस दाराखाली सरकवायचं राहून गेलेलं.
एक मार्चपासून भाडं साडेसहाशेऐवजी चौदाशे.
आकडा बँकेतल्या माणसाने काढला होता.
बाजारभाव, म्हणाला,
उद्या बर्फ पडेल म्हणावं तसं.

पाकीट मी फाडलं नाही, खोटं कशाला सांगू.
ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि दुसरं लिहायला बसले.
सातशे नव्वद.
हप्त्यातून दोन्ही भाडी वजा केली,
उरलेल्या खड्ड्यात शनिवारची पाळी टाकली,
तरी महिन्याला पंचावन्न कमीच.

त्याने जिन्यात उभ्यानेच वाचलं, घडी घातली.
"नव्वद कशाला? आठशे कर. सुटे कोण मोजत बसणार?"
पंचेचाळीस, मी मनात म्हटलं.
दोन पायऱ्या चढून तो थांबला.
"आणि त्या चौथीला खिळा मारशील, तर अर्धाच मार.
पोरगा पहाटे धड परत आला
हे मला तिच्यावरूनच कळतं."

खिळे आणून ठेवलेत.
हातोडी अजून जिन्यातच आहे.